बिनवायरचे बाजीराव

भिंतीला भोक पाडणं हे एके काळी अख्ख्या घराचं काम होतं. एक जण स्टुलावर चढलेला, दुसरा स्टूल धरून, तिसरा एक्स्टेंशन बोर्ड घेऊन या खोलीतून त्या खोलीत, कारण जवळच्या सॉकेटमध्ये तीन पिनांचा प्लग बसला तर बसला. चौथा खाली वर्तमानपत्र पसरतोय. आणि पाचवी व्यक्ती, बहुतेक घरांत आई, दाराच्या चौकटीला टेकून विचारतेय, "नक्की तिथंच लावायचंय ना?" वायर हटकून वीतभर आखूड पडायची. मग बोर्डाला दुसरा बोर्ड जोडायचा. तेवढ्या वेळात आईच्या प्रश्नावर घरात मतं मांडली जायची, फोटो दोन हात डावीकडे सरकायचा आणि कधी कधी तर "राहू दे, कपाटावरच ठेवू" असा ठराव एकमताने पास व्हायचा. केवळ वायर आखूड होती म्हणून महाराष्ट्रातल्या किती भिंती वाचल्या, याची कोणी नोंद ठेवलेली नाही.

आता वायर गेली. घरोघरी कॉर्डलेस ड्रिल आलं. गृहस्थ पेटी उघडतात, बॅटरी खट्‌कन बसवतात, भिंतीसमोर उभे राहतात, आणि "नक्की तिथंच…" एवढं ऐकू येईपर्यंत भोक पडलेलं असतं. भोक सुबक असतं, जागा चुकलेली असते. मग त्या भोकावर कॅलेंडर लावतात. आमच्या सोसायटीत काही घरांत आता कॅलेंडरं जरा जास्तच झाली आहेत.

वायरची कटकट होती हे कबूल. पण ती कटकट म्हणजेच विचार करायला मिळालेला वेळ होता, हे ती गेल्यावर कळतं. वायर कंपनीने काढली. तो वेळ परत आणायचं काम मात्र कंपनीने आपल्यावर सोपवलं आहे, आणि तसं माहितीपत्रकात बारीक अक्षरांत, अठरा भाषांमध्ये छापलंही आहे. ते माहितीपत्रक आपण ड्रिलखाली धूळ पडू नये म्हणून पसरतो.

या यंत्राचं खानदान तसं जुनं. विजेवर चालणारं पहिलं ड्रिल १८८९ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला अर्नॉट आणि ब्रेन या दोघांनी केलं. ते हातात धरण्याजोगं नव्हतं. हातात धरता येईल असं ड्रिल १८९५ मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या फाइन बंधूंनी काढलं. पण खरी गडबड केली ती अमेरिकेच्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने. त्यांनी ड्रिलला पिस्तुलाची मूठ आणि पिस्तुलाचाच घोडा बसवला आणि १९१७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तेव्हापासून आजतागायत कुठल्याही पुरुषाच्या हाती ड्रिल आलं की तो आधी ते छताच्या दिशेने धरून दोनदा घुर्र घुर्र करतो. बँकेत पस्तीस वर्षं चेकवर सह्या करून निवृत्त झालेले सभ्य गृहस्थही करतात. त्या वेळी चेहऱ्यावर जे भाव असतात ते घरच्यांनी बाकी कधीच पाहिलेले नसतात.

त्याच कंपनीने १९६१ साली निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालणारं बिनवायरचं ड्रिल बाजारात आणलं. "नासाने चंद्रासाठी कॉर्डलेस ड्रिलचा शोध लावला" असा एक निरोप व्हॉट्सअॅपवर वर्षातून एकदा तरी फिरतो. तो खोटा आहे. ड्रिल आधीच होतं. नासाने नंतर त्या कंपनीकडून चंद्रावर चालेल असं एक खास करवून घेतलं. १९७१ साली अपोलो १५ च्या मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी ते चंद्रावर चालवलं. ठरलेल्या खोलीपर्यंत भोक गेलंच नाही, आणि जमिनीत रुतलेली नळी उपसताना स्कॉट आणि त्यांचे सहकारी आयर्विन या दोघांना खांदा लावावा लागला. एवढं प्रशिक्षण, एवढा खर्च, मागे अख्खं ह्यूस्टन, आणि तरी बिट अडकला. आपल्याकडे तो टॉवेलच्या दांडीसाठी बाथरूमच्या टाइलमध्ये अडकतो तेव्हा घरातल्यांनी थोडं समजून घ्यायला हरकत नाही. मात्र स्कॉट यांची एक बाजू खरोखर मजबूत होती. चंद्रावर प्लग पॉइंट नव्हता. आपली टॉवेलची दांडी गीझरच्या सॉकेटपासून हातभर अंतरावर असते.

ड्रिल विकत घ्यायला पुण्यात बोहरी आळीत जा, नाहीतर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला. दुकानदार तुमच्याकडे आपादमस्तक पाहतो आणि म्हणतो, "साहेब, बारा व्होल्टचं घेऊ नका. ते घरगुती आहे." आपल्यालाही घरातच वापरायचं असतं, पण 'घरगुती' म्हटल्यावर स्वाभिमान दुखावतो. मग अठरा, वीस, एकवीस असे आकडे समोर येतात. यातली गोम अशी की आत लिथियम-आयनचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट धरला तर पाचांचे झाले १८. नुकत्याच चार्ज झालेल्या सेलचा दाब ४.२ पर्यंत चढतो, त्याचे पाचाने होतात २१. आणि मधला गोल आकडा वीस, पुढे बारीक अक्षरांत 'मॅक्स'. म्हणजे अठरा, वीस आणि एकवीस ही एकाच बॅटरीची तीन नावं: एक शाळेच्या दाखल्यावरचं, एक घरात हाक मारायचं आणि एक लग्नपत्रिकेवरचं.

इथवर ठीक होतं. त्यापुढे बिननावाच्या स्वस्त मालाचा विभाग लागतो. तिथे बॅटरीवर ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ, एवढंच काय, १२८ व्हीएफ असंही छापलेलं असतं. व्हीएफ म्हणजे काय असं विचारलं तर दुकानदार क्षणाचाही विलंब न लावता सांगतो, "व्होल्ट फुल." उघडून पाहिलं तर आत बहुधा तेच पाच सेल, फार तर पाचाच्या दोन रांगा, दाब तोच एकवीसचा. व्होल्टनंतर बघायचा तो अँपिअर-अवर हा आकडा: दोन, चार, पाच. बॅटरीत किती माल मावतो ते तो सांगतो. पण तो कोणी बघत नाही, कारण तो लहान असतो, आणि आपण एवढे पैसे मोजून दोन हा आकडा घरी न्यायचा हे मनाला पटत नाही.

आता कामाचं बोलू.

वायरच्या ड्रिलचा बिट बदलायचा तर आपण आधी प्लग काढायचो. निदान काढावा, एवढं तरी ठाऊक होतं. कॉर्डलेसला प्लग दिसत नाही, म्हणून लोकांचा समज होतो की धोकाही नाही. खरं तर उलट आहे. बॅटरी लावलेलं ड्रिल म्हणजे प्लग सदासर्वकाळ आत असलेलं आणि बटण चालू असलेलं ड्रिल. फक्त घोडा दाबायचा बाकी. तो घोडा टेबलाच्या कडेने दाबला जातो, पिशवीतल्या पक्कडीने दाबला जातो, आणि चार वर्षांच्या नातवाने तर आवर्जून दाबला जातो. म्हणून बिट बदलताना, ब्लेड बदलताना, साफ करताना, नुसतं कोणाच्या हाती देताना, आणि पेटीत ठेवताना बॅटरी काढायची. वायर गेल्यावर प्लग काढायची ही एवढीच पद्धत शिल्लक राहिली आहे.

ही पद्धत जाणकार म्हणवणारेच सगळ्यात आधी मोडतात. डाव्या मुठीत चक घट्ट धरायचा, उजव्या हाताने घोडा दाबायचा, की चक आपोआप आवळला जातो. इंटिरिअरवाल्याच्या पोराने हे करून दाखवलं की बघणारे गृहस्थ भारावतात आणि रात्री घरी करून बघतात. तळव्याचं सालटं निघतं. हातात मोजा असेल तर तो चकमध्ये गुंडाळला जातो आणि बोटांनाही सोबत नेतो. फिरणाऱ्या यंत्रापाशी सैल मोजा घालू नये, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं, कारण मोजा घालणं म्हणजे काळजी घेणं असं शाळेपासून शिकवलेलं असतं. तसंच उपरणं, ओढणीचं टोक, मोकळे केस, गळ्यात लोंबणारी चष्म्याची दोरी. लेंगा आणि बनियन हा वेश सौंदर्यदृष्ट्या कसाही असो, ड्रिलच्या दृष्टीने त्यात लोंबणारं काही नाही. फक्त लेंग्याची नाडी आत खोचा.

घोड्याच्या वर एक आडवी कळ असते. एका बाजूने दाबली की ड्रिल सुलट फिरतं, दुसऱ्या बाजूने दाबली की उलट. हे सर्वांना माहीत असतं. ती कळ बरोबर मधोमध ठेवली की घोडा लॉक होतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. मी एका गृहस्थांना हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "अरेच्चा! मी दोनदा दुकानात नेऊन आलो, मशीन बंद पडलं म्हणून."

दुसरं कोडं म्हणजे चकच्या मागची आकडे लिहिलेली फिरकी. एकपासून अठरा-वीसपर्यंत आकडे, शेवटी बिटचं चित्र, आणि भिंतीला चालणारं यंत्र असेल तर हातोडीचंही. बहुतेकांना तो वेग वाटतो. स्कूटर चालवलेली पिढी त्याला गिअर समजते आणि पहिल्यापासून सुरुवात करून क्रमाने वर जाते. तो क्लच आहे. स्क्रू पुरेसा आवळला गेला की ड्रिलने कर्र कर्र करून हात आखडता घ्यावा, यासाठी तो दिला आहे. आकडा लहान तेवढा तो लवकर सुटतो. प्लायवूडच्या कपाटाची बिजागरी लावताना फिरकी बिटच्या चित्रावर ठेवली तर स्क्रू आत जातो, जातच राहतो, त्याचं डोकं प्लायच्या पोटात शिरतं आणि खाच गुळगुळीत होते. मग तो स्क्रू ना आत ना बाहेर. सुतार येतो, पाहतो, आणि "मशीन नवं घेतलंत वाटतं?" एवढंच विचारतो. त्या प्रश्नात बरंच काही असतं.

काँक्रीटमध्ये बिट सळईला अडला तर बिट थांबतो, पण मोटर थांबत नाही. मग ड्रिल स्वतःच फिरतं आणि सोबत मनगटालाही फिरवतं. जास्त ताकदीच्या यंत्राबरोबर आडवी मूठ दिलेली असते ती याचसाठी. ती मूठ सर्व घरांमध्ये प्लास्टिकच्या पिशवीसकट, न उघडलेल्या अवस्थेत आढळते. स्टुलावर एका पायावर उभं राहून, दुसरा पाय खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून, एका हाताने ड्रिल आणि दुसऱ्या हाताने पडद्याची दांडी धरून काम करणाऱ्याला मनगट पिरगळल्यावर धरायला काही उरत नाही. वायर होती तेव्हा दोन्ही हात ड्रिलला मिळत, कारण वायर सावरायला कोणीतरी खाली उभं असे. आता माणूस एकटा वर जातो, आणि खाली येतो तेव्हाच घरच्यांना कळतं.

भिंतीच्या आत काय आहे ते भोक पाडण्याआधी आठवावं. वायरिंग सहसा स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली गेलेलं असतं आणि नळाचा पाइप नळाच्या रेषेत. तेव्हा बोर्डाच्या बरोबर वर घड्याळ लावायचा मोह आवरा. कॉर्डलेस असल्याने शॉक बसणार नाही, असं काहींना वाटतं. ड्रिलला वायर नसली तरी भिंतीत २३० व्होल्टची वीज आहे, आणि ती कोणाच्या हातात काय आहे ते विचारत नाही.

डोळ्यांचं सांगायला हवं. संरक्षक चष्मा शंभर-दीडशे रुपयांत मिळतो, पण आपले लोक वाचायचा चष्मा कपाळावर चढवून, डोळे बारीक करून, तोंड उघडं ठेवून छताला भोक पाडतात. छतातून येणाऱ्या धुळीला डोळे आणि तोंड हे दोनच रस्ते असतात. प्लास्टिकच्या कपाच्या बुडाला भोक पाडून तो बिटवर ओवला तर निम्म्याहून अधिक धूळ कपात राहते. लग्नातून उरलेले कप यासाठी ठेवून द्यावेत. वर्षाकाठी दोन भोकं पाडणाऱ्याचं त्या धुळीने फार बिघडत नाही. पण तुमच्या घरी फर्निचर करायला येणारी, सोळा-अठरा वर्षांची दिसणारी पोरं दिवसभर काँक्रीट आणि फरशी कापतात, नाकाला फार तर रुमाल. त्या धुळीत सिलिका असते, ती वर्षानुवर्षं फुप्फुसात साचली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. त्यांना चहाबरोबर एकेक चांगला मास्क दिला तर कंत्राटदार हसेल. हसू द्या.

ग्राइंडरच्या बाबतीत मात्र मी विनोद करणार नाही, कारण त्यात विनोद नाही. आता ग्राइंडरही बॅटरीचा मिळतो आणि घरोघरी येऊ लागला आहे. त्याचा गार्ड "मध्ये येतो" म्हणून काढून टाकतात. तो मध्ये यावा म्हणूनच बसवलेला असतो. डिस्कवर जास्तीत जास्त फेरे छापलेले असतात. यंत्राचे फेरे त्याहून जास्त असतील तर ती डिस्क लावायची नाही. कापायच्या आणि घासायच्या त्या रेझिनच्या डिस्कला मुदतही असते, मधल्या धातूच्या कडीवर महिना आणि साल छापलेलं असतं, साधारण तयार झाल्यापासून तीन वर्षांचं. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख चष्मा लावून वाचणारी माणसं मिनिटाला दहा हजार फेरे घेणाऱ्या चकतीची तारीख वाचत नाहीत. आणि लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला लावून फळी कापणाऱ्या माणसाला शेजारधर्म म्हणून तिथल्या तिथे थांबवावं, नंतर अबोला आला तरी चालेल.

आता बॅटरी. सगळ्या यंत्रात महाग तीच, नाजूक तीच, आणि सल्ले मिळतात तेही तिच्याबद्दलच. पहिला सल्ला दुकानदाराचा: "पहिल्यांदा आठ तास चार्जिंगला लावा." तासाभरात चार्जरवर हिरवा दिवा लागतो, चार्जर स्वतःच थांबलेला असतो, तरी गृहस्थ घड्याळ लावून आठ तास पुरे करतात, दुकानदाराने सांगितलंय ना. दुसरा सल्ला वडीलधाऱ्यांचा: "पूर्ण उतरू दे, मगच चार्ज कर, नाहीतर सवय लागते." हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळात बरोबर होता. लिथियमला अशी सवय लागत नाही. उलट तिला पार कोरडी करून महिनोन्‌महिने ठेवून दिली की ती रुसते, आणि रुसली की चार्जर तिला ओळखच दाखवत नाही. मग कोणीतरी व्हिडिओत पाहिलेलं असतं की दुसऱ्या बॅटरीच्या दोन वायरी जोडून तिला 'जागं' करता येतं. अशी जागी झालेली बॅटरी काय करेल याचा भरवसा नसतो. ती तशीच राहू द्या. बरेच दिवस वापरायची नसेल तर अर्धीमुर्धी चार्ज करून, यंत्रापासून वेगळी, कोरड्या सावलीत ठेवावी. इतकं सोपं आहे.

उन्हाचं मात्र सोपं नाही. बहुतेक माहितीपत्रकांत ४० अंशांच्या वर चार्ज करू नका असं असतं. ते लिहिणाऱ्याने मे महिन्यातलं अकोला पाहिलेलं नाही. तिथे सावलीतच ४५ होतात. तेव्हा विदर्भात आणि खानदेशात उन्हाळ्यात पहाटे चार्ज करावं, आणि बॅटरी गाडीच्या डिकीत ठेवून लग्नाला जाऊ नये. जोरात काम करून बॅटरी तापली की चार्जर लाल दिवा लुकलुकवत बसतो. तो बिघडलेला नसतो, बॅटरी निवायची वाट बघत असतो. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ ती लवकर निवावी म्हणून फ्रिजमध्ये, दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवतात. बाहेर काढल्यावर तिला घाम फुटतो, तेच पाणी आतल्या सर्किटवर जातं. दह्याचं काय होतं ते वहिनींनी सांगितलं नाही.

आणखी एक ठिकाण म्हणजे तो सर्वसमावेशक डबा: खिळे, स्क्रू, नटबोल्ट, सुट्टी नाणी, कधीच न लागणारी किल्ली आणि त्यातच बॅटरी. बॅटरीच्या तोंडाशी धातूच्या पट्ट्या असतात. एखादा खिळा दोन पट्ट्यांवर आडवा पडला की शॉर्ट होतं, डबा गरम होतो, आणि पुढचं अग्निशमन दल सांगतं. कंपनीने दिलेलं प्लास्टिकचं टोपण हरवलं असेल तर चिकटपट्टी लावा. फुगलेली, उंचावरून पडून तडा गेलेली किंवा भिजलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका. आणि कुठलीही बॅटरी रात्रभर गादीवर, पांघरुणाशेजारी चार्ज करू नका. फरशी रिकामी आहे.

ज्यांची मुलं न्यू जर्सीत किंवा टेक्सासात आहेत त्यांच्याकडे ड्रिल तिकडून येतं. ते येतं त्याची कथा अशी. ड्रिल हातातल्या सामानात चालत नाही, ते चेक-इनमध्ये टाकावं लागतं. सुटी लिथियम बॅटरी चेक-इनमध्ये चालत नाही, ती हातातल्या सामानात न्यावी लागते, आणि १०० वॅट-अवरपर्यंत विनापरवानगी चालते. १८ गुणिले ४ म्हणजे ७२, तेव्हा आपली बसते. असं यंत्राचं धड विमानाच्या पोटात आणि जीव मांडीवर घेऊन चिरंजीव उतरतात. वडील त्याच दिवशी चार्जर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसतात. चार्जरवर १२० व्होल्ट लिहिलेलं असतं. आपल्या भिंतीत २३० असतात. एक बारीकसा आवाज येतो, थोडा वास येतो, आणि त्यानंतर ते ड्रिल शोकेसमध्ये, आयफेल टॉवरच्या शेजारी जातं. तिकडून आणवायचंच असेल तर चार्जर इथला घ्या, आणि तो इथे मिळतो का ते आधी विचारा.

एवढं सगळं झालं तरी आपल्याकडे देखभाल होत नाही असं नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, नेमाने होते. पाटावर पक्कड, पाना, हातोडी, करवत आणि मधोमध ड्रिल. सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचं फूल, अक्षता. हातोडीला कुंकवाने काही होत नाही. ड्रिलच्या पाठीला मात्र बारीक फटी असतात, मोटरला वारा मिळावा म्हणून. त्या फटी कुंकवाच्या बोटाला बरोबर सापडतात.

आमच्या भागातले दुरुस्तीवाले चाचा एकदा असं ड्रिल माझ्यासमोर उघडत होते. चार स्क्रू काढून त्यांनी खोकं दोन भागांत वेगळं केलं. आत प्लास्टरची पांढरी धूळ, तिला ग्रीस लागून झालेला राखाडी चिखल, आणि त्यात गुलाबी छटा. कार्बन ब्रश, म्हणजे मोटरला वीज पोचवणारे ते दोन काळे ठोकळे, झिजून नखाएवढे उरले होते. एका फटीतून चिमट्याने त्यांनी एक तांदूळ काढला, तळहातावर घेतला आणि मालकाला दाखवला.

"अक्षता कुठवर गेल्यात बघा, साहेब."

"पूजा करतो हो आम्ही दरवर्षी," मालक जरा अभिमानाने म्हणाले.

"ते दिसतंय. ब्रशने फटी कधी साफ केल्या का? कापडाने पुसलं का? चकमध्ये तेलाचा थेंब?"

"तेवढं सगळं लागतं?"

"देवाला रोज पुसता की नाही?" चाचा म्हणाले आणि नवे कार्बन शोधायला ड्रॉवर उघडला.

ज्या ड्रिलवर 'ब्रशलेस' लिहिलेलं असतं त्यात हे कार्बन नसतात, झिजायचा प्रश्न नाही. पण फटी असतातच आणि कुंकूही असतंच. पावसाळ्यात कोकणात नि मुंबईत चकला गंज चढतो. काम झालं की पुसून, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवलं तर टळतो. नव्या बुटांबरोबर येणाऱ्या त्या पुड्या फेकू नका. बोथट बिट बदला, बिट बोथट झाला की माणूस जोर लावतो, मोटर तापते, बॅटरी उतरते, आणि दोष मात्र भिंतीला दिला जातो, "आमच्या बिल्डरने काँक्रीट फारच पक्कं वापरलंय." हे वाक्य एरवी कुठल्याही बिल्डरबद्दल ऐकू येत नाही.

मेलेली बॅटरी सुक्या कचऱ्यात टाकायची नसते. तिच्यावर फुलीची कचरापेटी छापलेली असते, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करून घेण्याची व्यवस्था उत्पादकाने करायची असते. पट्ट्यांना टेप लावून ती दुकानात किंवा ई-कचरा केंद्रावर द्या. भंगारवाल्याला देऊ नका. तो ती हातोडीने फोडतो आणि समोर त्याचं लेकरू बसलेलं असतं.

राहता राहिला शेजारधर्म. निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, असे २००० सालचे नियम सांगतात. काँक्रीटमध्ये चाललेलं हॅमर ड्रिल नव्वदीच्या पुढे बोलतं. वायर नसल्याने ते आता जिन्यात, गच्चीवर, पार्किंगमध्ये, कुठेही बोलू शकतं. दुपारी बोलू देऊ नका. कानात बोळे तुम्ही घाला, वरच्या मजल्यावरच्या आजी घालणार नाहीत.

तेव्हा वाचकहो, येत्या खंडेनवमीला एवढं करा. आधी बॅटरी काढा. मग फटी कोरड्या ब्रशने झाडा, चक पुसा, बोथट बिट बाजूला करा, आणि पूजा करताना कुंकू ड्रिलला न लावता ड्रिलच्या पेटीला लावा. देव तेवढं समजून घेतो. आणि गणपतीच्या मखरासाठी ज्यांनी कोणी दुसऱ्याचं ड्रिल नेलं आहे, त्यांनी ते नवमीच्या आत परत करावं. चार्जरसकट, आडव्या मुठीसकट, आणि सहा मिलिमीटरच्या बिटसकट.